दिव्याची दुरुस्ती

जबाब देणार: टेपवाले काका (मोटारबाजारात हेच नाव चालते. ओळखपत्रावरचे नाव ठाणे अंमलदारांनी वेगळे उतरवून घेतले आहे. त्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळूनही बघणार नाही).
वय: ६४ वर्षे.
धंदा: मोटारगाड्यांचे वायरिंग.
राहणार: मोटारबाजारामागची दुसरी गल्ली, दुकानावरची खोली.

मला कोणी बोलावलेले नाही. आज मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी स्वतःहून ठाण्यात आलो असून समोर बसून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. खाली दुकान, वर खोली. दिवे, हॉर्न, स्टार्टर, डॅशबोर्ड, गाडीत जे जे वायरीवर चालते ते मी बघतो. इंजिनाला हात लावत नाही. हा धंदा मी छत्तीस वर्षे करीत आहे.

टेपवाले हे नाव कशावरून पडले असे हवालदारसाहेबांनी विचारले म्हणून सांगतो. वायर जोडली की तिच्यावर काळी टेप गुंडाळतात. बाकीचे लोक टेप दाताने तोडतात, टोक दाबतात आणि मोकळे होतात. मी शेवटचे टोक आतल्या अंगाने दुमडून ठेवतो. पुढच्या माणसाला तो जोड उघडायचा झाला तर नख लावायला जागा राहावी एवढाच हेतू. असे दुमडलेले टोक जिथे दिसेल ते काम माझे, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा मला तोरा होता हेही लिहून घ्यावे. या टोकाचा संबंध पुढे येतो.

गेल्या महिन्यातील मोटार अपघातात मयत झालेले गृहस्थ, वय ६९, ड्रायव्हिंग स्कूल चालवत असत. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मीही मास्तरच म्हणतो. त्यांचे कार्यालय माझ्या दुकानाच्या बरोबर समोर आहे. आमची ओळख एकतीस वर्षांपूर्वीची. त्या वेळी मला गाड्या नीट करता येत होत्या पण चालवता येत नव्हत्या. काम झालेली गाडी मी दुकानाबाहेर ढकलत काढायचो. मास्तर समोरून हा तमाशा बरेच दिवस पाहत होते. एक दिवस रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, "अरे, तू आचारी आणि तुला जेवता येत नाही? उद्या सहाला मैदानावर ये." मी गेलो. तेव्हापासून ते मला टेप्या आणि अरेतुरे, आणि मी त्यांना अहोजाहो. नंतर कितीही दोस्ती झाली तरी हे बदलले नाही.

त्या वेळच्या गाडीची पुढची सीट बाकासारखी सलग होती. पट्टा नव्हता. शिकणाऱ्याने घाबरून कचकन ब्रेक मारला की मास्तरांचा हात त्याच्या छातीसमोर आडवा यायचा. त्यांना ते कळतही नसे. घरी जेवताना शेजारच्याच्या हातून पेला कलंडला तरी तो हात आडवा जायचा, असे त्यांची मुलगी सांगते. आमच्या वेळी एअरबॅग म्हणजे तो हात. मी पहिल्या आठवड्यात त्याच्यावर निदान दहा वेळा आपटलो असेन. मास्तर फक्त एवढेच म्हणायचे, "ब्रेकला विनंती करायची, लाथ नाही मारायची." ते दिवस आठवले की मला अजूनही त्या गाडीच्या रेक्झिनचा वास येतो.

याचा प्रकरणाशी काय संबंध असे हवालदारसाहेबांनी विचारले. संबंध आहे.

पुढे मास्तरांनी दुसरी गाडी घेतली. तिची सीट पुढेमागे सरकत असे. सीटखालच्या पट्टीला नऊ खाचा होत्या. मास्तरांनी प्रत्येक खाचेजवळ पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि एका लांबट वहीत प्रत्येक विद्यार्थ्यापुढे त्याची खाच लिहून ठेवायला सुरुवात केली. विद्यार्थी यायच्या आधी सीट त्याच्या खाचेवर आणून ठेवलेली असायची. ते म्हणायचे, "माणूस बसला आणि त्याचे पाय आपोआप पोचले की त्याची निम्मी भीती जाते." नावे ते विसरायचे, खाच कधीही विसरायचे नाहीत. वीस वर्षांनी भाजीच्या दुकानात एखादी बाई दिसली तरी विचारायचे, "काय गं चौथी, चालवतेस ना?" आणि ती बाई, आता स्वतः आजी झालेली, लाजून हसायची. मी पाचवा. मास्तर स्वतः नववे, कारण पाय लांब. माझी पत्नी त्यांच्याकडेच शिकली, ती दुसरी. यावरून बाजारात माझी भरपूर चेष्टा झाली. मला एकच पत्नी आहे याची नोंद घ्यावी. मास्तरांना एकुलती एक मुलगी आहे आणि ते तिला हाक मारायचे तिसरी. आता स्कूल तीच बघते. आज ती माझ्याबरोबर आली असून बाहेर बाकावर बसली आहे.

अपघातातली गाडी ही त्यांची चौथी गाडी. सहा वर्षांपूर्वी नवी घेतली. तिच्यात पुढे एअरबॅग आहेत आणि चालकाच्या सीटच्या कडेलाही एक शिवलेली आहे, बाजूने धक्का बसला तर उघडणारी. तिची वायर सीटखालून जाते. तिच्यावर पिवळे आवरण असते आणि टोकाला पिवळा प्लग असतो. पिवळे दिसले की हात जपून घालायचा हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी सांगतात. घरातल्या गाडीची सीट वर्षातून एखाद्या वेळी सरकते. मास्तरांची सीट दिवसातून वीस वेळा सरकायची, दुसरी, सातवी, चौथी, परत दुसरी. गाडी नवीन असली तरी ठिपके दिलेले होते. ते ठिपके द्यायला ब्रश मीच धरला होता, कारण मास्तरांना वाकता येत नव्हते.

सुमारे चौदा महिन्यांपूर्वी डॅशबोर्डवर एअरबॅगचा तांबडा दिवा लागला. मास्तर गाडी घेऊन आले. मी सीटखाली हात घालून प्लग दाबून बसवला, दिवा गेला. आठ दिवसांनी परत लागला. तेव्हा मला वायरीचे आवरण एका जागी घासलेले दिसले. मी तेथे टेप गुंडाळली, दिवा गेला. महिन्याभराने तिसऱ्यांदा लागला. मास्तर वैतागले होते. म्हणाले, "टेप्या, शिकणाऱ्याची नजर रस्त्यावर राहत नाही रे. सारखी त्या दिव्यावर. एकीने तर मला विचारलं, मास्तर, आता स्फोट होणार का?" त्या दिवशी मी दिव्याची दुरुस्ती केली व गाडी संध्याकाळच्या आत परत दिली. मास्तरांनी विचारले, "झालं?" मी म्हटले, "झालं."

आमच्या दोघांत हा एवढाच व्यवहार होता. एकतीस वर्षांत त्यांनी मला काय बिघडले होते, काय केलेस, असे एकदाही विचारले नाही. "झालं?" आणि "झालं." मग ते गाडीत बसायचे आणि पलीकडच्या खुर्चीत कोणाला तरी बसवून मैदानाकडे जायचे. बाजारात लोक मला दहा प्रश्न विचारतात, पावती मागतात, गाडी दोनदा चालू-बंद करून बघतात. मास्तरांनी कधी किल्ली फिरवूनही पाहिली नाही. मला त्याचे किती वाटायचे ते मी त्यांना कधी सांगितले नाही.

गेल्या महिन्याच्या तीन तारखेला, दुपारी चारच्या सुमारास मास्तर हातात कंपनीचे पत्र घेऊन दुकानात आले. चष्मा विसरले होते. म्हणाले, "वाच रे." मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. पत्रात असे होते की, या बनावटीच्या गाड्यांत चालकाच्या सीटखालची वायर सीट सरकवल्याने घासली जाऊ शकते व त्यामुळे कडेची एअरबॅग उघडणार नाही. कंपनी ती विनामूल्य बदलून देईल. डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागून राहत असल्यास गाडी अजिबात चालवू नये, ताबडतोब आणावी. दिवा लागत नसल्यास तीन महिन्यांच्या आत सोयीने आणावी. गाडी दोन दिवस ठेवून घ्यावी लागेल.

मास्तरांकडे गाडी एकच. अकरा विद्यार्थ्यांची परवान्याची परीक्षा चोवीस तारखेला संपणार होती. ते म्हणाले, "आपला दिवा लागत नाही ना?" गाडी दुकानासमोरच उभी होती. मी जाऊन किल्ली फिरवली, डॅशबोर्ड पाहिला आणि म्हटले, "नाही लागत." ते म्हणाले, "मग पोरांची परीक्षा होऊ दे. पंचवीसला देतो नेऊन." नंतर आम्ही चहा घेतला. पहिल्या गाडीचा हॉर्न पावसात आपोआप वाजायचा आणि एकदा एका वरातीमागे तो थांबेचना, ती गोष्ट त्यांनी परत सांगितली. मी परत हसलो. ती गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. त्या दिवशी माझे लक्ष त्या गोष्टीत नव्हते.

त्याच महिन्याच्या बावीस तारखेला, सकाळी सहा चाळीसला, मैदानाजवळच्या चौकात मालवाहू टेम्पोने सिग्नल तोडून मास्तरांच्या गाडीला चालकाच्या दारावर धडक दिली. मास्तर एकटे होते. पहिल्या विद्यार्थिनीला घ्यायला निघाले होते. धडकेचा आवाज मी दुकानात ऐकला. कशाचा ते मला त्या वेळी कळले नाही. कडेची एअरबॅग उघडली नव्हती. नऊ वाजता रुग्णालयात ते गेले. सीट नवव्या खाचेत होती असे पंचनाम्यात लिहिले आहे, ते बरोबर आहे. टेम्पोचालकावर गुन्हा दाखल आहे. त्याच्याविषयी मला काही सांगायचे नाही.

काल सोमवारी दुपारी तिसरी माझ्या दुकानात आली. तिच्याकडे परिवहन कार्यालयाची नोटीस होती. नोटिशीत असे म्हटले आहे की, एअरबॅग उघडली नाही म्हणजे वायर तुटलेली होती, वायर तुटलेली होती म्हणजे दिवा कित्येक महिने लागलेला असलाच पाहिजे, आणि कंपनीचे पत्र मिळूनही मालकाने लागलेल्या दिव्याकडे डोळेझाक करून त्याच गाडीत लोकांना शिकवले. सबब स्कूलचा परवाना रद्द का करू नये याचा खुलासा गुरुवारपर्यंत करावा. गाडीचा पत्रा आत दबल्यामुळे सीट काढून अजून कोणी पाहिलेली नाही. नुसत्या तर्कावर हे लिहिले आहे. सदतीस वर्षे ज्यांनी आरसा न बघता कोणाला गाडी हलवू दिली नाही त्यांच्या नावापुढे निष्काळजी हा शब्द आहे. तो मी माझ्या डोळ्यांनी वाचला.

तिसरीने मास्तरांची लांबट वही बरोबर आणली होती. तिच्यात दोन ठिकाणी पेन्सिलीने लिहिलेले तिने मला दाखवले. एके ठिकाणी: "तांबडा दिवा. टेप्याकडे. झालं." दुसऱ्या ठिकाणी, तीन तारखेला: "कंपनीचं पत्र. टेप्याने दिवा पाहिला, लागत नाही. परीक्षा संपली की २५ ला गाडी देणे." ती म्हणाली, "काका, बघा ना, बाबा किती नीट सगळं लिहून ठेवायचे. तुम्ही फक्त पोलिसांना सांगा की दिवा तुम्ही दुरुस्त केला होतात. तुमच्या शब्दाला सगळा बाजार मान देतो." मी म्हटले, "बरं." ती म्हणाली, "तुम्ही आहात म्हणून मला धीर आहे." मी हातातल्या वायरी सोलत राहिलो. नंतर पाहिले तर ज्या सोलायच्या नव्हत्या त्याही सोलल्या होत्या.

संध्याकाळी मी पत्नीला सर्व सांगितले. आतापर्यंत हे मी कोणालाही सांगितले नव्हते. तिने भांडी घासता घासता ऐकले, नळ बंद केला आणि म्हणाली, "उद्या तुम्ही जाताय की मी जाऊ?" मी म्हटले, "पोरगी माझं तोंड बघणार नाही गं." ती म्हणाली, "नाही बघणार. मग? तुमचं तोंड राखायला तिच्या बापाचं काळं करायचं का?" मग तिने नळ परत सोडला. सकाळी दारात मात्र माझ्या सदऱ्याचे बटण नीट लावून दिले.

येथे मी विनंती केल्यावरून जबाब अकरा वाजून वीस मिनिटांनी थांबवण्यात आला. मी बाहेर बाकापाशी जाऊन आलो. जबाब बारा वाजायला दहा मिनिटे कमी असताना पुन्हा सुरू झाला. तिसरीने काय म्हटले तो या जबाबाचा भाग नाही. जे तिला सांगितले तेच आता सांगतो.

तिसऱ्या वेळी दिवा लागला तेव्हा मी वायर सोडून पाहिली. टेपखाली आतली तार झिजून दोन-तीन धाग्यांवर आली होती. ती पूर्ण वायर बदलायला हवी होती. तशी वायर माझ्याकडे नव्हती आणि ती फक्त कंपनीत मिळते. गाडी कंपनीत पाठवा असे म्हणायला मला कमीपणा वाटला. मास्तरांची कुठलीही गाडी माझ्याकडून दुसरीकडे कधी गेली नव्हती. मी पिवळा प्लग काढला आणि गाडीकडून येणाऱ्या अर्ध्या प्लगात बोटाच्या पेराएवढा एक रेझिस्टर बसवून वर टेप गुंडाळली. तो बसवला की गाडीच्या कॉम्प्युटरला एअरबॅग जागेवर आहे असे वाटते आणि दिवा विझतो. प्रत्यक्षात एअरबॅग सुटी झालेली असते. ती कशानेही उघडत नाही. जुन्या गाड्यांत दिवेच जास्त खोटे बोलायचे. तेलाचा दिवा, पाण्याचा दिवा, आम्ही असे कितीतरी दिवे गप्प केले आणि गाड्या वर्षानुवर्षे चालल्या. हाही तसाच एक आगाऊ दिवा आहे असे मी धरले. ही माझी चूक. मास्तरांना मी यातले काही सांगितले नाही. ते "झालं?" म्हणाले आणि मी "झालं" म्हणालो.

तीन तारखेला पत्र वाचताना मला हे आठवत होते. विसरलो होतो असे मी म्हणणार नाही. किल्ली फिरवून डॅशबोर्ड पाहिला तो मास्तरांना दाखवायला. दिवा लागणार नाही हे मला माहीत होते. दिवा मी बंद केला आहे, गाडी चालवू नका, एवढे एक वाक्य होते. ते बोललो असतो तर कंपनीच्या माणसाने सीट काढली असती, प्लग पाहिला असता आणि ते दुमडलेले टोक ओळखले असते. बाजारात हसे झाले असते. पंचवीसच्या आधी एखाद्या दिवशी गुपचूप रेझिस्टर काढून घेईन असा मी विचार केला होता. एकोणीस दिवस मी मूग गिळून बसलो. मास्तर रोज समोरून हात करत होते आणि मी उलट हात करत होतो.

गाडी सध्या ठाण्याच्या मागच्या आवारात आहे. पंचांसमक्ष पत्रा कापून चालकाची सीट काढावी. पट्टीवर पांढरे ठिपके दिसतील. पाचव्या ठिपक्याच्या आतल्या बाजूला हात घातल्यावर पिवळा प्लग लागेल. त्यावर काळी टेप आहे आणि तिचे टोक दुमडलेले आहे. तेथे नख लावून टेप उघडावी, आत रेझिस्टर आहे. यावरून मास्तरांना दिवा दिसणे शक्यच नव्हते व त्यांनी पत्रात लिहिल्याप्रमाणेच वागायचे ठरवले होते हे सिद्ध होईल. माझी विनंती आहे की हे गुरुवारच्या आत व्हावे आणि या जबाबाची नक्कल परिवहन कार्यालयास पाठवावी. तिसरीचे स्कूल चालू राहिले पाहिजे.

हे सांगितल्यामुळे मी स्वतः आरोपी होऊ शकतो असे हवालदारसाहेबांनी मला दोनदा समजावून सांगितले. मला पहिल्यांदाच समजले होते. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मुलगी अजून बाहेर बाकावर आहे, घरी गेलेली नाही. ती कशासाठी थांबली आहे ते मला माहीत नाही.

वरील सर्व मजकूर हवालदारसाहेबांनी मला एकेक ओळ सावकाश वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे आणि खरा आहे. फक्त एका ठिकाणी, तिसऱ्यांदा दिवा लागला त्या दिवसाच्या हकिगतीत, "दिव्याची दुरुस्ती केली" असे लिहिले गेले आहे. त्यात हवालदारसाहेबांची चूक नाही, मी तसेच बोललो होतो. छत्तीस वर्षांची जिभेची सवय. ते शब्द एका रेघेने खोडून त्यांच्यावर "दिवा बंद केला" असे माझ्या हाताने लिहिले आहे, आणि ठाण्याच्या पद्धतीप्रमाणे समासात "दुरुस्ती एक" अशी नोंद करून तिच्याखाली सही केली आहे. त्या गाडीच्या बाबतीत माझ्या हातून झालेली दुरुस्ती ती एवढीच.